‘दुकाचिता’ म्हणजे दुःखचित्त : मलेशियातल्या शिष्यवृत्त्या आणि रहिवाशांचे मोर्चे

प्रश्न असा आला आहे. कोल्हापूरचा एक इंजिनियर दीड वर्षापासून मलेशियात, क्वालालंपूरशेजारच्या पेतालिंग जयाजवळ भाड्याने राहतो. घरमालक तमिळ आहेत. त्यांच्या मुलीला एसपीएम या शाळेच्या शेवटच्या राष्ट्रीय परीक्षेत नऊच्या नऊ विषयांत ए श्रेणी मिळाली, तरी सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. ‘आपण भूमिपुत्र नाही ना,’ एवढं बोलून घरातल्यांनी विषय मिटवला. त्याच सुमारास वसाहतीच्या मैदानावर उंच इमारत येणार म्हणून रहिवाशांनी फलक लावले. तेव्हा घरमालकांनी त्याला बजावलं, ‘तिकडे जाऊ नकोस, इथे प्रत्येक आंदोलन शेवटी वंशावर येतं.’ त्याचा प्रश्न आहे: हे न्याय्य आहे का? आणि या दोन्ही गोष्टी खरंच वंशाच्याच आहेत का?

मी १९९४ साली लग्न होऊन इथे आले. सासर इपोहचं, तेलुगू. पुढे इथली नागरिक झाले. क्लांग खोऱ्यातल्या, म्हणजे क्वालालंपूर परिसरातल्या, एका खाजगी कॉलेजात बावीस वर्षं ए-लेव्हलला रसायनशास्त्र शिकवलं. संध्याकाळी आसपासच्या सरकारी शाळांतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचे आणि नकार आला की फेरविचाराचे अर्जही लिहून द्यायचे. आमच्या तामानच्या, म्हणजे वसाहतीच्या, रहिवासी संघाची सहा वर्षं सचिव होते. त्यामुळे तुमचे दोन्ही प्रश्न माझ्या हाताखालून गेलेले आहेत. उत्तर लांब होणार आहे. मुलीने अजून फेरविचाराचा अर्ज केला नसेल तर आधी शेवटचा भाग वाचा, बाकीचं सवडीने.

‘भूमिपुत्र’ या शब्दापासूनच सुरुवात करते, कारण मराठी माणसाची इथेच पहिली फसगत होते. मलय भाषेतला ‘बुमिपुतेरा’ हा आपलाच संस्कृत शब्द. आपण तो ऐकला की मुंबईतल्या नोकऱ्या आठवतात, नवी मुंबईत जमिनी गेलेली कुटुंबं आठवतात. इथे त्याचा अर्थ वेगळा आहे: मलय लोक आणि साबा-सारावाक या बोर्निओतल्या दोन राज्यांमधले मूळ रहिवासी. २०२०च्या जनगणनेनुसार नागरिकांमध्ये त्यांचं प्रमाण ६९.४ टक्के, चिनी वंशाचे २३.२ आणि भारतीय वंशाचे ६.७. म्हणजे आरक्षणाचा लाभार्थी इथे बहुसंख्य समाज आहे. भारतात वाढलेल्या माणसाला हे उलटं वाटतं आणि पहिल्याच दिवशी तो निकाल देऊन मोकळा होतो. मीही दिला होता. इथे राहून, या मुलांना शिकवून तो मला बराच बदलावा लागला.

१९५७ साली देश स्वतंत्र झाला, त्याआधी राज्यघटनेचा मसुदा करायला रीड आयोग बसला होता. पाच सदस्यांत एक भारतीय होते, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक. मलयांना काही सवलती द्याव्यात, पण पंधरा वर्षांनी त्यांचा फेरविचार व्हावा, असं आयोगाचं मत होतं. अंतिम घटनेत ती पंधरा वर्षं आली नाहीत. आलं ते कलम १५३. सरकारी नोकऱ्या, शिष्यवृत्त्या आणि परवाने यांत ‘वाजवी’ वाटा राखून ठेवण्याची तरतूद या कलमात आहे. पण त्याचं पहिलंच वाक्य दोन पायांवर उभं आहे: मलय आणि साबा-सारावाकच्या मूळ रहिवाशांचं विशेष स्थान जपायचं, आणि इतर समाजांचे न्याय्य हितसंबंधही जपायचे. भाषणात प्रत्येक जण आपल्या सोयीचा पाय दाखवतो. टक्केवारी तर घटनेत कुठेच नाही. ‘बुमिपुतेरा’ हा शब्दही घटनेत नाही. टक्के मंत्रिमंडळ आणि खाती ठरवतात, म्हणून ते बदलतातही. आणखी एक गोष्ट इथल्या पुष्कळ लोकांनाही ठाऊक नसते: द्वीपकल्पातले खरे आदिवासी, ओरांग अस्ली, यांचं नाव कलम १५३ मध्ये नाही. जंगलात ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या ते या कलमाबाहेर राहिले.

मग १३ मे १९६९ आला. निवडणुकीनंतर क्वालालंपूरमध्ये चिनी-मलय दंगल झाली, माणसं मारली गेली, संसद स्थगित झाली. त्यातून १९७१ साली नवं आर्थिक धोरण आलं. त्याच्या मागचे आकडे वाचल्याशिवाय या धोरणावर बोलू नये असं माझं ठाम मत आहे. १९७० मध्ये द्वीपकल्पातली ४९.३ टक्के कुटुंबं गरीब होती. मलयांमध्ये हेच प्रमाण सुमारे ६५ टक्के होतं, भारतीयांमध्ये ३९, चिन्यांमध्ये २६. कंपन्यांच्या भागभांडवलात मलयांचा हिस्सा २.४ टक्के होता आणि साठहून अधिक टक्के परदेशी हातांत होता. भातशेती करणारा, मासेमारी करणारा मलय माणूस आपल्याच देशाच्या बाजारपेठेत गिऱ्हाईक म्हणूनसुद्धा क्वचित दिसायचा. अशा देशात सरकारने काहीच केलं नसतं तर तेही अन्यायाचंच झालं असतं. माझ्याबरोबर जीवशास्त्र शिकवणाऱ्या मलय सहकारी केलांतानमधल्या एका खेड्यातल्या. घरात पहिल्यांदा पदवी त्यांनी घेतली, तीही याच धोरणाच्या शिष्यवृत्तीवर, इंग्लंडला जाऊन. त्या वर्गात उभ्या राहिल्या की मला १९७१ चा निर्णय चुकला असं म्हणवत नसे.

पण धोरणाचं काम झालं की नाही हे मोजण्याचा दिवस कधी उजाडलाच नाही. १९९० ची मुदत आली आणि गेली. गरिबी खूप खाली आली होती, भागभांडवलात भूमिपुत्रांचा हिस्सा तीस टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट मात्र गाठलं गेलं नव्हतं, म्हणून नाव बदलून धोरण पुढे चालू राहिलं. तोवर पहिल्या लाभार्थींची मुलं मोठी झाली होती, शहरात, दोन गाड्यांच्या घरात. तीही त्याच रांगेत उभी राहिली.

आता शिष्यवृत्त्या. सरकारी सेवा खातं, जेपीए, दरवर्षी एसपीएमनंतर मुलांना पदवीसाठी पाठवतं. परदेशी जाणाऱ्यांच्या जागा २००८-०९ च्या सुमारास दोन हजारांच्या आसपास होत्या. बिगर-भूमिपुत्रांचा वाटा अनेक वर्षं फार लहान होता. मार्च २००८ च्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीचं दोन तृतीयांश बहुमत गेलं आणि पाच राज्यं विरोधकांकडे गेली. त्याआधी २५ नोव्हेंबर २००७ रोजी हिंड्राफ या हिंदू हक्क संघटनेच्या हाकेवर हजारो भारतीय वंशाची माणसं क्वालालंपूरच्या रस्त्यावर आली होती. अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे आम्ही घरी टीव्हीवर पाहिले. या हादऱ्यानंतर २००८ मध्ये बिगर-भूमिपुत्रांचा वाटा ४५ टक्क्यांवर नेला गेला. २००९ मध्ये आणखी नवी रचना आली: २० टक्के जागा निव्वळ गुणवत्तेवर, ६० टक्के लोकसंख्येतल्या वंशाच्या प्रमाणात, १० टक्के साबा-सारावाकच्या मूळ रहिवाशांना आणि १० टक्के सामाजिकदृष्ट्या वंचितांना.

हे कागदावर मांडून बघा. दोन हजार जागा धरू. चारशे गुणवत्तेच्या, त्यात कोणीही येऊ शकतं. बाराशे प्रमाणाच्या, वर दिलेलं जनगणनेचं प्रमाण लावलं तर भूमिपुत्र साधारण ८३०, चिनी २८०, भारतीय ८०. दोनशे बोर्निओच्या, दोनशे वंचितांच्या. तुमच्या घरमालकांच्या मुलीसारख्या उमेदवाराला या रचनेत तीन दारं होती: चारशेंचं, ऐंशींचं आणि घरची परिस्थिती तशी असेल तर दोनशेंचं. ही रचना मला वाईट वाटत नाही. उलट, इथल्या सगळ्या रचनांमध्ये मला ती सर्वांत प्रामाणिक वाटली, कारण गुणवत्ता, वंश, प्रदेश आणि गरिबी या चार वेगळ्या गोष्टी आहेत हे तिने मान्य केलं. पण तिचा उपयोग तेव्हाच, जेव्हा मुलीला कळेल की आपला अर्ज कोणत्या दारापाशी तपासला गेला आणि तिथे शेवटचा घेतलेला उमेदवार कितव्या गुणावर होता. हे कळलं नाही तर चार दारांची इमारत बाहेरून एकाच बंद भिंतीसारखी दिसते.

भिंत म्हणजे काय ते सांगते. निकालाच्या दिवशी मुलं आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसायची. एक लॅपटॉप, त्यावर ओळखपत्राचा क्रमांक टाकायचा आणि थांबायचं. पडद्यावर वाक्य दोनच. मिळाली तर ‘सुकाचिता’ने सुरू होणारं, नाही मिळाली तर ‘दुकाचिता दिमाकलुमकान’, म्हणजे कळवण्यास दुःख होते. सुखचित्त आणि दुःखचित्त, दोन्ही आपल्या संस्कृतातून आलेले. त्या एका अक्षराच्या फरकाखाली कारण म्हणून काहीही लिहिलेलं नसायचं. एका वर्षी टेबलाशी तिघं होती. एक चिनी मुलगी, वडिलांची नूडल्सची गाडी. एक तमिळ मुलगा, आई दवाखान्यात सफाईकामाला. एक मलय मुलगा, वडील क्लांग बंदरात लॉरी चालवायचे. तिघांचे गुण जवळपास सारखे. तिघांना ‘दुकाचिता’. चिनी मुलगी आणि तमिळ मुलगा दोघंही म्हणाले, आपण भूमिपुत्र नाही. मलय मुलगा काही बोलला नाही. त्याला सांगायला कारणच नव्हतं. पुढे आठवडाभर तामानमधले लोक त्याला विचारत राहिले, तू कुठल्या देशाला चाललास? नाही मिळाली असं त्याने सांगितलं तर कोणी खरं मानेना.

त्याच वर्षी आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या मलय मुलाला मिळाली. त्याचे गुण तिघांपेक्षाही जास्त होते, मी स्वतः पाहिले होते. तो गुणवत्तेच्या चारशेंतूनही सहज निवडला गेला असता. पण तो कोणत्या वाट्यातून गेला हे जाहीर झालंच नाही, म्हणून सगळ्यांच्या लेखी तो ‘कोट्याचा’ ठरला. हे ओझं त्याने चार वर्षं परदेशात वाहिलं असणार. कारण लपवल्याने नाकारलेल्याचं नुकसान होतं, हे लोकांना दिसतं. ज्याला मिळालं त्याचंही होतं, हे मला त्या टेबलापाशी कळलं. गेली पंधरा-सोळा वर्षं मी हेच सांगत आले आहे: टक्केवारीवर भांडण जरूर करा, पण त्याआधी प्रत्येक वाट्यानुसार यादी, शेवटचा गुण आणि नकाराचं लेखी कारण मागा. ते हातात आलं की निम्मं भांडण आकड्यांचं होतं आणि आकड्यांवर माणसं बसून बोलू शकतात.

घरमालकांना मात्र ‘वंशाचा काही संबंध नाही’ असं सांगायला जाऊ नका. तसं म्हणणं खोटं होईल. मॅट्रिक्युलेशनचंच घ्या. सरकारी विद्यापीठात जायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एसटीपीएम, दीड वर्षाचा, राष्ट्रीय परीक्षेचा, कठीण म्हणून नाव असलेला. आणि मॅट्रिक्युलेशन, साधारण एका वर्षाचा, जिथे ९० टक्के जागा भूमिपुत्रांच्या. पुढे प्रवेशाच्या यादीत दोन्हींचे गुण शेजारी-शेजारी ठेवले जातात: ९० टक्के अभ्यास, १० टक्के शाळेतले इतर उपक्रम. दोन वेगळ्या परीक्षांचे गुण एका काट्यावर तोलायचे आणि त्याला गुणवत्ता म्हणायचं, हे मला शिक्षक म्हणून कधीच पटलं नाही. २०१९ मध्ये ओरड झाली तेव्हा सरकारने जागा २५ हजारांवरून ४० हजार केल्या, पण ९०:१० तसंच ठेवलं. २०२४ मध्ये पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांनी जाहीर केलं की दहा किंवा अधिक विषयांत ए मिळवणाऱ्या कोणत्याही वंशाच्या मुलाला मॅट्रिक्युलेशनमध्ये जागा मिळेल. चांगली सुरुवात आहे. पण तुमच्या घरमालकांच्या मुलीचे विषयच नऊ आहेत. अनेक तमिळ मुलं दहावा विषय म्हणून तमिळ घेतात. शाळेत शिकवायला कोणी नसेल तर तो राहून जातो, आणि मग अशी घोषणा नऊपैकी नऊ मिळवणाऱ्या मुलीच्या शेजारून निघून जाते.

भारतीयांची गोष्ट आणखी अवघड आहे. इथले बहुतेक तमिळ रबराच्या मळ्यांवर मजूर म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज. मळे विकले गेले, तिथे पाम तेलाची झाडं किंवा घरं आली, आणि कुटुंबं शहराच्या कडेला येऊन पडली. ना भूमिपुत्र म्हणून आधार, ना चिनी समाजासारखी स्वतःची व्यापारी ताकद. देशात पाचशेहून अधिक तमिळ प्राथमिक शाळा आहेत, त्यातल्या कित्येक अजून जुन्या मळ्यांच्या जागेवर. केवळ लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या की त्या समाजातल्या वकील-डॉक्टरांच्या मुलांना मिळतात. मळ्यावरून आलेलं मूल पुन्हा मागेच. तीच गत ओरांग अस्ली मुलांची, तीच सारावाकमध्ये होडीने शाळेत जाणाऱ्या मुलांची आणि क्लांगच्या त्या लॉरीवाल्याच्या मुलाची. मला कोणी अधिकार दिला तर मी १० टक्क्यांचा वंचितांचा वाटा पहिल्या वर्षी तिप्पट करीन आणि त्यात उत्पन्न, आईवडिलांचं शिक्षण आणि शाळेचं ठिकाण हे तीनच निकष ठेवीन.

हे बोललं की दुसऱ्या बाजूची भीती लगेच उठते. तीही खरी असते, तिला हसण्यावारी नेऊ नये. ऑगस्ट २००८ मध्ये सलांगोर राज्याचे (पेतालिंग जया आणि शाह आलम याच राज्यात आहेत) मुख्यमंत्री खालिद इब्राहिम यांनी सुचवलं की फक्त भूमिपुत्रांसाठी असलेल्या यूआयटीएम विद्यापीठात दहा टक्के जागा इतरांना द्याव्यात. काही दिवसांतच हजारो विद्यार्थ्यांनी शाह आलममध्ये मोर्चा काढला. २०२४ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमापुरती दारं उघडण्याची चर्चा झाली, तेव्हा तिथल्या मुलांनी काळे कपडे घातले. २०१८ मध्ये वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही करण्याचा विचार नव्या सरकारने विरोधामुळे सोडून दिला, तरी ८ डिसेंबरला राजधानीत प्रचंड सभा झालीच. त्या गर्दीतले बहुतेक लोक श्रीमंत नव्हते. ‘आपल्याकडे एवढंच आहे, तेही जाईल’ असं वाटणारी ती साधी माणसं होती. भारतात मंडलच्या वेळी रस्त्यावर आलेल्या आणि नंतर आरक्षणासाठीच मोर्चे काढणाऱ्या, अशा दोन्ही गर्द्या मराठी माणसाने पाहिल्या आहेत. शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या हुकमापासून आपल्याकडे हा वाद चालू आहे. तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला नव्याने काय सांगायचं. फरक इतकाच की भारतात कोणता समाज मागास हे आयोगापुढे आणि कोर्टापुढे आकडे ठेवून सिद्ध करावं लागतं. इथे ती पायरी नाही.

आता रहिवाशांकडे येते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका जुन्या निर्णयात आहे. मलेशियात नगरपालिकांच्या निवडणुका १९६५ साली, इंडोनेशियाबरोबरच्या संघर्षाच्या काळात, स्थगित झाल्या. १९७६ च्या स्थानिक शासन कायद्याने त्या कायमच्या गेल्या. नगरसेवक राज्य सरकार नेमतं. म्हणजे तुमच्या गल्लीतला रस्ता, गटार, मैदान, मंदिर, सुराव (म्हणजे मुस्लिमांचं लहान प्रार्थनागृह) यांवर निर्णय घेणाऱ्या माणसाला तुम्ही मत देत नाही आणि पाडूही शकत नाही. मराठी माणसाला वाटतं, नगरसेवकाला गाठू, पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ. इथे ते दारच नाही. मग उरतात निवेदन, वर्तमानपत्र आणि रस्ता.

आणि वाद जितका कमी वंशाचा, तितका तो लवकर सुटतो, हे मी २००८-०९ च्या दीड-दोन वर्षांत तीनदा पाहिलं. मे २००८, बांदार माहकोता चेरास: टोल कंपनीने वसाहतीचा जवळचा रस्ता अडथळे घालून बंद केला. रहिवाशांनी ते अडथळे तोडले, कंपनीने पुन्हा घातले, पोलिसांनी मारहाण केली, आणि शेवटी रस्ता उघडला. टोल सगळ्यांच्याच खिशातून जातो, म्हणून लोक टिकून राहिले. २००९, पिनांगमधलं कांपुंग बुआ पाला: गाई पाळणाऱ्या तमिळ कुटुंबांची जुनी वस्ती. जमीन सरकारी अधिकाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे गेली होती, न्यायालयाने विकसकाच्या बाजूने कौल दिला आणि घरं पाडली गेली. रहिवासी तमिळ, राज्य सरकार विरोधकांचं, संस्था अधिकाऱ्यांची. जो तो आपल्याला हवा तो वंश त्यात पाहत राहिला. जमिनीचा कागद कोणी, कधी, काय किमतीला हलवला हा प्रश्न त्या गोंधळात मागे पडला.

तिसरं सर्वांत दुखरं. शाह आलममध्ये सेक्शन १९ मधलं एक हिंदू मंदिर सेक्शन २३ मध्ये हलवायचं ठरलं. तिथली वस्ती बहुतांश मलय. २८ ऑगस्ट २००९ ला, शुक्रवारच्या नमाजानंतर, पन्नासेक माणसं मशिदीपासून राज्य सचिवालयापर्यंत गाईचं कापलेलं डोकं घेऊन चालत गेली. तीन दिवसांवर स्वातंत्र्यदिन होता. पुढे बारा जणांना दंड झाला, एकाला आठवड्याचा तुरुंगवासही. आठ दिवसांनी मुख्यमंत्र्यांनी घेतलेली रहिवाशांची बैठकही आरडाओरड्यात मोडली. आमच्या घरात त्या रात्री कोणाला जेवण गेलं नाही. त्या माणसांनी केलं ते अक्षम्य होतं. पण मंदिर त्यांच्या दारात कसं येऊन पोहोचलं, तेही पाहा. मळ्यांवरच्या मजुरांनी मळ्याच्या जमिनीवर मंदिरं बांधली. कंपनीने जमीन विकली तेव्हा मंदिराच्या नावावर काहीच नव्हतं. नवी शहरं आखताना मशिदी आणि सुरावसाठी जागा नकाशातच ठेवतात. बाकीच्यांच्या प्रार्थनास्थळांसाठी नंतर कुठेतरी तुकडा शोधला जातो. तो कुठेही सापडला तरी कोणाच्या तरी घराशेजारीच असतो. आणि ही बातमी शेजाऱ्यांना बैठकीत कळण्याआधी कुजबुजीतून कळते.

आमच्या तामानमध्ये हेच होता-होता राहिलं. मैदानाच्या कडेला दुकानांची रांग येणार अशी बातमी आली. पहिल्या बैठकीत एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘त्यांच्या सुरावला जागा देता येते, आणि आमच्या मुलांच्या मैदानावर दुकानं.’ खोली गार पडली. सुरावचे सचिव निवृत्त पोस्टमास्तर होते. ते काही न बोलता घरी गेले आणि वीस मिनिटांनी एक गुंडाळी घेऊन आले. तामानचा मूळ मंजूर नकाशा, १९८० च्या दशकातला, चहाचे डाग पडलेला. टेबलावर पसरून चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. सुरावची जागा मूळ आखणीत होती. मैदानही होतं, हिरव्या रंगात, ‘सार्वजनिक मोकळी जागा’ असं लिहून. बोट ठेवून दाखवलं तसे तेच मघाचे गृहस्थ खाली वाकून नकाशा वाचायला लागले. त्या रात्री आम्ही मलय, चिनी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत निवेदन लिहिलं, एकशे बारा सह्या झाल्या. पहिली सही पोस्टमास्तरांची, दुसरी त्या गृहस्थांची. दुकानं आली नाहीत.

तर आता कामाचं. आधी तुम्ही स्वतः: मोर्चाला जाऊ नका. घरमालकांचा सल्ला बरोबर आहे, कारण मात्र वेगळं. २०१२ चा शांततापूर्ण सभा कायदा सभा घ्यायचा किंवा सभेत भाग घ्यायचा हक्क नागरिकांपुरताच ठेवतो. परदेशी पासपोर्टवर तिथे उभं राहिलात तर तुमचा परवाना अडचणीत येईल आणि रहिवाशांची बाजूही दुबळी होईल. घरमालकांना मात्र सांगा की त्यांच्याकडे मोर्च्याहून मजबूत हत्यार आहे. तुम्ही सलांगोरमध्ये आहात, तिथे नगर आणि ग्राम नियोजन कायदा, १९७६ चा कायदा १७२, लागू आहे. त्याप्रमाणे शेजारच्या जमीनमालकाला नियोजनाची नोटीस आली की एकवीस दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि सुनावणी मागता येते. नोटीस आली आहे का, कोणत्या तारखेची, हे आज पाहा. नगरपालिकेकडून मंजूर मूळ आखणीची प्रत घ्या. फलकावर कोणाच्या समाजाचं नाव येऊ देऊ नका; भूखंड क्रमांक लिहा.

मुलीचा रायुआन, म्हणजे फेरविचाराचा अर्ज. मुदत निकालाच्या पानावरच असते आणि ती थोड्या दिवसांची असते. अर्जात ‘आम्ही भारतीय म्हणून’ हे वाक्य नको. मी असे अर्ज खूप लिहिले, त्यातले जे यशस्वी झाले त्यांत एकातही ते नव्हतं. लिहायचं ते असं: गुणपत्रक, आईवडिलांचं उत्पन्न, पगाराच्या स्लिपांसह, घरात शिकणारी भावंडं किती, खेळ, गणवेशधारी पथक, क्लब यांची प्रमाणपत्रं, मुख्याध्यापकांचा शिक्का मारलेली. हे शेवटचं मुलं विसरतात, आणि शाळा सुटल्यावर शिक्का मिळायला दोन-दोन हेलपाटे पडतात. शेवटी एक साधं वाक्य: निवड कोणत्या निकषावर झाली आणि माझी कमतरता कुठे होती, हे लेखी कळवावे. उत्तर आलं नाही तरी ते नोंदीत राहतं.

त्याच आठवड्यात पेट्रोनास (सरकारी तेल कंपनी), बँक नेगारा (इथली मध्यवर्ती बँक) आणि खझाना (सरकारी गुंतवणूक निधी) यांच्या शिष्यवृत्त्यांच्या तारखा बघून ठेवा. या कोणत्याही वंशाच्या नागरिकाला खुल्या असतात आणि मुलाखतीत इंग्रजी बोलणं मोजलं जातं. बाजूला एसटीपीएमची जागा सोडू नका. ती कठीण असली तरी फी जवळजवळ नाही, आणि सरकारी विद्यापीठात गेल्यावर पीटीपीटीएनचं, म्हणजे सरकारी उच्च शिक्षण निधीचं, कर्ज मिळतं. पहिला वर्ग मिळवला आणि त्यांच्या अटींत बसलं तर ते फेडावं लागत नाही. माझ्या त्या टेबलावरचा तमिळ मुलगा याच रस्त्याने गेला. चिनी मुलगी सिंगापूरला गेली आणि तिथेच राहिली. लॉरीवाल्यांचा मुलगा पॉलिटेक्निकमधून आज बंदरात क्रेनचा इंजिनियर आहे, आणि दर ईदला आईच्या हातचं रेंडांग घेऊन येतो.

मुलीला म्हणावं, शाळेचा शिक्का आधी. बाकी कागद रविवारी घेऊन बसू.